खाली न ठेवायचं शिंग

एक होता राजा, लिओफर्ड नावाचा. समुद्रापलीकडच्या धुक्याच्या बेटावर सॅक्सन लोक राहायचे ना, त्यांच्यातल्या एका चिमुकल्या राज्याचा. राज्य एवढंसं, पण राजाचा आवाज केवढा! नुसता खाकरला तरी दरबाराचं गवती छप्पर थरथरायचं.

त्याला तीन मुलगे आणि एक मुलगी, गोडिथ. सुगी झाली की भर दुपारी दरबारात मेजवानी बसायची. मधाची दारू भरलेलं रानबैलाचं शिंग घेऊन गोडिथ एकेकापुढे जायची. पिणाऱ्याने एक हात तलवारीवर ठेवायचा, एक छातीवर. शिंग त्याच्या ओठाला लावायचं ते गोडिथने. मग त्याने पराक्रमाची शपथ घ्यायची. आणि शिंगाला बूड नसतं, बरं का. शपथा संपेपर्यंत खाली ठेवायची सोयच नाही.

ते शिंग साधंसुधं नव्हतं. घेतलेली शपथ त्यात उतरायची. पाळली नाही, तर वजन होऊन तिथेच बसायची. पिणाऱ्याला काही कळायचं नाही. कळायचं ते धरणारीला.

पहिल्या वर्षी राजा गरजला, "नदीपलीकडचं कुरण मी स्वतः जिंकून आणीन!" म्हाताऱ्यांनी बाकं बडवली. मग दुसरा दिवस उजाडला आणि राजाचा गुडघा धरला. मग त्याच्या जागी थोरला एडमर गेला. नदीवरून त्याची ढाल तेवढी आली. पुढच्या सुगीला गोडिथने शिंग उचललं, तर ते भरल्या घागरीएवढं जड.

दुसऱ्या वर्षी राजाचा कारभारी वुल्फर्ड गरजला, "एडमरचा सूड माझ्या हातून!" मग त्याची कंबर धरली. मधला सिगार गेला. त्याची ढालसुद्धा आली नाही. शिंग मेंढीएवढं जड झालं.

तिसऱ्या वर्षी उरला होता धाकटा ओस्गार. नुकती मिसरूड फुटलेली. गोडिथ शिंग घेऊन निघाली. दंड भरून आले, पाठ वाकली.

वुल्फर्ड हसला. "काय गं पोरी, जेवली नाहीस का?"

राजाने ओठ पुढे केले. "या वर्षी मी..."

मग गोडिथने काय केलं? शिंग जमिनीवर ठेवलं. सगळी दारू मातीत गेली.

"उचल ते," राजा म्हणाला.

"तुम्ही उचला, बाबा. तुमचंच आहे."

राजा वाकला. शिंग हलेना. वुल्फर्डने दोन्ही हात लावले. हलेना. बाकावरचे सगळे पांढऱ्या दाढ्यांचे शूरवीर एकदम भिडले, धापा टाकायला लागले. हलेना! ओस्गार पुढे झाला.

"मी बघतो, ताई."

"तू हात लावायचा नाहीस," गोडिथ म्हणाली. "यात तुझी एकही शपथ नाही."

मग राजा खालीच बसला. शिंगावर हात ठेवला. मग म्हणाला, "त्या दिवशी माझा गुडघा दुखत नव्हता. मी भ्यालो होतो."

शिंग जरासं हललं.

वुल्फर्डने मान खाली घातली. "माझी कंबरही ठणठणीत होती."

आणखी जरासं हललं. तरी जडच.

"आता नदीवर न्या," गोडिथ म्हणाली.

मग राजाने तलवार काढून ठेवली, शिंग खांद्यावर घेतलं आणि एकटा निघाला. नदीत छातीपर्यंत पाणी, वर ते ओझं. तीनदा पडला, तीनदा उठला. पलीकडचा राजा काठावर भाला घेऊन उभा. त्याचेही दोन मुलगे गेलेले. लिओफर्डने त्यालाही खरं तेच सांगितलं. मग त्याने भाला चिखलात रोवला आणि शिंगाला दुसऱ्या बाजूने खांदा दिला. त्या क्षणी शिंग नुसतं शिंग झालं.

कुरण दोघांनी वाटून घेतलं. मेजवान्या चालू राहिल्या, पण आता ज्याने त्याने शिंग आपल्या हाताने धरायचं. शपथा फार कमी झाल्या.

ओस्गारची दाढी पिकली, गोडिथला नातवंडं झाली, सगळे सुखाने नांदले. एडमर आणि सिगार? नाही रे बाळांनो, ते आले नाहीत. तेवढं खोटं सांगणार नाही.

चला, पांघरूण घ्या. डोळे मिटा.