उजवी पाकळी

“आणि पाकळी पडलीच नाही तर?”

विश्वंभरने हे विचारलं तेव्हा गुरुशिष्य वाघजाईच्या डोंगराची अर्धी चढण चढून आले होते. तातोबा पुढे, विश्वंभर मागे. म्हातारा आरामात चालत होता आणि शिष्याला धाप लागली होती.

“पडेल की,” तातोबा म्हणाले. “ओली पाकळी वाळली की पडते. जाते कुठे?”

प्रश्न मठाचा होता. खालच्या गावच्या मंडळींनी विश्वंभरला बाजारपेठेजवळ जागा देऊ केली होती. वर नवे पत्रे, खाली फरशी, दारावर त्याच्या नावाची पाटी. त्याची प्रवचनं ऐकून बायाबापड्यांचे डोळे भरून येत, आणि सगळ्यात जास्त भरून येत ते अनासक्तीवरच्या प्रवचनाला. आता तातोबांची झोपडी सोडून खाली जायला फक्त त्यांची परवानगी हवी होती.

त्याने ती मागितली. तातोबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. वर जाऊन देवीला कौल लावू, एवढंच म्हणाले.

विश्वंभरला ते जरा कमीपणाचं वाटलं. उपनिषदं तोंडपाठ असलेल्या माणसाने आपल्या आयुष्याचा निर्णय फुलाच्या पाकळीवर सोडायचा? पण गुरूंचा शब्द मोडवत नव्हता. शिवाय देवीचं मत आपल्यासारखंच असणार, याची त्याला मनातून खात्री होती.

देऊळ लहानसं. आत शेंदूर माखलेला पाषाण आणि त्याला चांदीचे डोळे. धोंडू गुरव समईची वात सारखी करत होता. एका बाजूला भागीरथीबाय नावाची म्हातारी आपली पाळी येण्याची वाट बघत बसली होती. तिची म्हैस हरवली होती. पण बुवा आलेले पाहून तिने त्यांना आधी बसू दिलं.

गुरवाने दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि पाषाणाच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जावं, डावी आधी पडली तर राहावं. मग त्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

“आई वाघजाय, ह्यो बुवा तुज्या दारात आलाय. खाली मठ मांडायचा म्हंतोय. त्यानं जावं का ऱ्हावं, त्ये तूच सांग…”

“व्हय म्हाराजा,” भागीरथीबाय म्हणाली. तातोबाही म्हणाले. विश्वंभर मनातल्या मनात संस्कृतमध्ये काहीतरी म्हणाला.

मग वाट बघणं सुरू झालं.

तातोबांनी कनवटीच्या, फणसाच्या भाजलेल्या आठळ्या काढल्या आणि सोलून खात बसले. मध्येच त्यांनी गुरवाला नाचणी कशी आहे ते विचारलं. गुरवाने सविस्तर सांगितलं. उंबऱ्यावरचं ऊन सरकून अंगणात गेलं. पाकळ्या होत्या तिथेच होत्या.

विश्वंभरने आधी डोळे मिटले होते. मग एक उघडला, मग दुसरा. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की हातातल्या माळेचे मणी सरकताहेत खरे, पण नामावर नाही. उजवी… उजवी… उजवी… असा जप चालला होता.

“देवी इचारात पडलीय,” भागीरथीबाय म्हणाली. “चालू द्या, बुवा. माजी म्हस कालधरनं गेलीय, ती काय लगेच येत न्हाय.”

विश्वंभर कसनुसं हसला. खाली मंडळी हार घेऊन बसली असतील. डावी पडली तर पाटी गेली, फरशी गेली, आणि जन्मभर तातोबांचं अंगण झाडणं आलं.

तो उठला आणि देवीच्या पायाशी डोकं टेकवायला पुढे झाला. गुरव समईत तेल घालत होता. भागीरथीबायने डोळे मिटले होते. तातोबा दारातून दरीकडे बघत आठळी चघळत होते.

विश्वंभरने श्वास घेतला, कोंडला आणि ओठ चिमटीएवढे उघडून उजव्या खांद्याच्या दिशेने सोडला. इतक्या वर्षांच्या प्राणायामात इतका सरळ रेचक त्याला कधी साधला नव्हता.

पाकळी पडली.

“उजवा कौल,” गुरव म्हणाला आणि त्याने प्रसादाचं फूल विश्वंभरच्या हातावर ठेवलं. विश्वंभरपेक्षा भागीरथीबायलाच जास्त आनंद झाला, कारण आता तिची पाळी आली.

म्हैस वरच्या सड्यावर, माथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, गेली आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं. हो असेल तर उजवी, नाही तर डावी. गुरवाने नव्या पाकळ्या लावल्या आणि त्याचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आतच डावी पडली. म्हणजे म्हातारी एवढा डोंगर फुकट चढली होती.

“बरा झाला गो आये,” ती देवीला म्हणाली, “सडा तुडवायचा वाचला.” आणि हात जोडून, गुडघ्यांवर हात देत, म्हशीला हाका मारत ती आली तशी खाली उतरायला लागली.

विश्वंभर तिच्याकडे बघत राहिला. त्याला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

बाहेर पायरीवर तातोबांनी त्याच्यापुढे एक आठळी धरली. त्याने घेतली नाही.

“बुवा… ती पाकळी पडली नाही. मी पाडली.”

“हं.”

“फुंकर मारून.”

“पाहिलं मी. चांगली होती फुंकर.”

खालून भागीरथीबायची हाक ऐकू येत होती.

“मग बोलला का नाहीत?”

“कुठल्या तोंडाने बोलू? तुझ्या वयाचा असताना मीही इथे कौल लावला होता. प्रश्न हाच. खाली जाऊन मठ मांडू, की गुरूंपाशी राहू? माझ्याही पाकळ्या हलेनात. बराच वेळ गेला. मग गुरूंची जरा पाठ वळली आणि…”

“तुम्हीही फुंकर मारलीत?”

“छे. एवढा प्राणायाम कुठे येत होता मला? सरळ बोटाने पाडली.”

विश्वंभरला हसू फुटलं. छातीवरचा दगडच उतरला. गुरूही आपल्यासारखेच निघाले, या आनंदात तो पोटभर हसला. तातोबाही हसले. देवळातून धोंडू गुरव काय झालं म्हणून डोकावून गेला.

हसता हसता विश्वंभरची नजर तातोबांच्या ठिगळ लावलेल्या धोतराकडे गेली. तो थांबला.

“पण बुवा… कौल पाडून घेतलात, मग खाली गेला का नाहीत?”

तातोबांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि उठून उभे राहिले.

“अरे, मी डावी पाडली.”