समोरची खुर्ची

"पण बापूसाहेब, भिडू बदलून मिळणार की नाही?"

श्रीरंग सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होता. रविवारी मिरजेच्या क्लबात ब्रिजचा सामना होता, आणि जोड्या ठरवणार बापूसाहेब निगडीकर. त्याला ब्रिज शिकवलं तेही त्यांनीच. गडी हुशार, पण अलीकडे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"झालं काय?"

"अहो, सहा बदाम, पाच इस्पिक! एक्के-राजे बहुतेक माझ्याकडे. असली पानं जन्मात एकदा येतात. मी थेट 'चार बदाम' बोललो. माझ्या भिडू कुमुदताई, त्या पास! डाव बुडाला. आणि त्यांनी पानं उघडी मांडली तर काय? बदाम एक, इस्पिक चार! हुकूम इस्पिकचा केला असता तर डाव आमचाच होता! तोंडाला कुलूप लावलं होतं का?"

बापूसाहेबांनी गड्डी उचलली. कालचा तो डाव, एकेक पान, जसाच्या तसा लावला. काल ते तर शेजारच्या टेबलावर खेळत होते! श्रीरंग बघतच राहिला. काय म्हणावं या माणसाला!

"बस." त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. कुमुदताईंची.

श्रीरंगनं पानं उचलली. दुरी, तिरी, चव्वी... एक चित्र नाही. इस्पिक चार खरे, पण तेही बारीक.

"चार बदाम," बापूसाहेब म्हणाले.

आता या रद्दीवर चार इस्पिक बोलायचं? त्याची छातीच होईना.

"...पास." श्रीरंगचे कान लाल झाले.

"पुन्हा."

या खेपेला ते "दोन किलवर" बोलले. पानं भारी आहेत, गप्प बसू नकोस, एवढाच त्या बोलीचा अर्थ. मग बदाम सांगितले. पुढच्या फेरीला इस्पिक. आणि थांबले...

एवढी भारी पानं हातात, आणि हा माणूस माझ्या रद्दीची वाट बघतोय! श्रीरंगला भरून आलं.

"चार इस्पिक," तो म्हणाला.

डाव हसत हसत झाला.

श्रीरंगनं वाकून त्यांचे पाय धरले. "चुकलो, बापूसाहेब. नको मला दुसरा भिडू. रविवारी मी कुमुदताईंबरोबरच खेळणार!"

बापूसाहेबांनी गड्डी डबीत सरकवली.

"त्यांना विचारलंस?"