पायाचे गहू

फार फार जुनी गोष्ट आहे. इतक्यांदा सांगितली की आता माझाच घसा बसतो, पण ऐका.

एक नगर होतं. नगरातली घरं पांढऱ्या मातीवर आणि भोवतालची शेतं काळ्या मातीत. घराच्या पायाखाली काळी जमीन घालायची नाही, असा तिथला दंडक. म्हणून घर बांधण्याआधी जमिनीला विचारायची रीत होती. त्या जागी मूठभर गहू पेरायचे आणि नऊ दिवस थांबायचं. उगवले, तर ते शेत. तिथे घर नाही. नाही उगवले, तर खुशाल पाया खणा. उरलेले गहू पुरचुंडीत बांधून नव्या दारावर टांगायचे.

उगवलं की नाही, हे सांगायचं काम वेशीजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. सगळे त्याला राखणदार म्हणत. त्याचा शब्द राजाही मोडत नसे.

एकदा त्याच्याच मुलाला वेगळं घर हवं झालं, तेही शेताच्या कोपऱ्यात. गहू पेरले आणि ते तरारून वर आले. मुलगा म्हणाला, “आबा, एवढासा तर कोपरा. त्यानं काय शेत आटणार आहे?”

“जमीन नाही म्हणाली, बाळा.”

मुलाने पुन्हा पेरले. या खेपेला नऊ दिवसांत काहीच वर आलं नाही. म्हाताऱ्याने माती उकरून एक दाणा नाकाशी धरला. दाणा खमंग भाजलेला होता! सून पोटुशी होती, जुन्या घरात जागा नव्हती. म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “उगवलं नाही.”

एवढंच झालं. पण शेजाऱ्याला वास लागलाच. “तुमच्या पोराला चालतं, मग आमच्याला का नाही?” म्हाताऱ्याने त्याच्याही जागेवर “उगवलं नाही” म्हटलं. पुढे तर बाजारात भाजलेले गहू ‘पायाचे गहू’ म्हणून उघड विकले जाऊ लागले. म्हातारा दर नवव्या दिवशी काठी टेकत जायचा, “उगवलं नाही” म्हणायचा आणि घरी येऊन आडवा व्हायचा.

वेस पुढे सरकली. हिरवं होतं तिथे भिंती आल्या. मधोमध म्हाताऱ्याचं एक शेत तेवढं उरलं आणि तेही पडीक, कारण नांगर धरायचं त्राण त्याच्यात राहिलं नव्हतं. नगराला त्याचं काही वाटलं नाही. लांबच्या मुलखातून गाड्या भरभरून तयार पीठ येत होतं.

एका वर्षी त्या मुलखात दुष्काळ पडला आणि गाड्या रिकाम्या परतल्या. राजाने दवंडी पिटवली, “एक शेत उरलं आहे, ते पेरा. निदान बियाणं होईल. मग घरं पाडू, पण पेरू.”

पण दाणा कुठून आणायचा? कोठारात नुसतं पीठ. तेव्हा कोणाला तरी दारावरच्या पुरचुंड्या आठवल्या. जुन्या घरांच्या पुरचुंड्यांत किडीने भुसाच ठेवला होता; नव्या घरांच्या सोडून राजापुढे ढीग घातला.

राजाने विचारलं, “हे कच्चे आहेत ना?”

भाजलेले म्हणावं, तर आपलंच घर खोटं ठरणार. “आमचे कच्चेच, महाराज,” सगळे म्हणाले. म्हाताऱ्याचा मुलगाही म्हणाला.

“राखणदार, तू सांग.”

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. शेजारी नातू उभा होता. खरं बोलायची ती शेवटची वेळ होती, हे त्याला कळत होतं. पण सवयीने मान खाली गेली आणि तो म्हणाला, “कच्चेच, महाराज.”

शेत नांगरलं, गहू पेरले, पाणी दिलं. नऊ दिवस सगळं नगर बांधावर उभं होतं. काळी माती ओली, भुसभुशीत, जशीच्या तशी राहिली.

प्रधानाने घसा खाकरला. “रीतीप्रमाणे विचारतो. राखणदार, काय दिसतं?”

“उगवलं नाही,” म्हातारा म्हणाला आणि आपल्याच बांधावर बसून रडला.

“म्हणजे ही घराची जागा झाली,” प्रधानाने वहीत लिहून घेतलं.

ते घर मात्र कोणी बांधलं नाही. माणसं पोटामागे नगर सोडून गेली. घरं अजून उभी आहेत म्हणतात, चांगली मजबूत, कुलपं लावलेली.

तात्पर्य: जमिनीच्या तोंडी आपल्या सोयीचं उत्तर घातलं, की भुकेच्या दिवशी ती तेच उत्तर आपल्याला परत देते.