मुकिंदाची घंटा

“मठातल्या बाबांनी म्हणे त्या पोराला गोधडीत घट्ट आवळून बांधलं, आणि मग त्याच्या अंगातलं ते…”

नळावर शेवंताच्या कानावर एवढंच पडलं. तिला बघताच बायका पाण्याच्या गोष्टी करायला लागल्या.

ते म्हणजे काय? निघालं की नाही? विचारायची सोय नव्हती.

घरी तिची सहा वर्षांची रेणू नवा परकर ओरबाडून काढायची. वेणी घालायला हात लावला की किंचाळायची. आणि टेकडीवरच्या मठाची घंटा वाजली, की कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची.

ती घंटा वाजवणारा म्हणजे रेणूचाच बाप, मुकिंदा. बाबांचा जुना शिष्य. आपली घंटा पार खालच्या वाडीपर्यंत ऐकू जाते, याचा त्याला कोण अभिमान! त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं: पोरीला आरती सोसत नाही, म्हणजे तिच्या अंगात काहीतरी आहे. उद्या देवऋष्याकडे न्यायची. मिरच्यांची धुरी, निंबाच्या फोकांचे फटके…

शेवंता त्याच्या आडवी आली.

“अहो, आधी बाबांना तरी दाखवू.”

वाळल्या गवतातून टेकडी चढून तिघं मठात आली. आरतीला अजून अवकाश होता.

“बाबा, निघेल ना ते?” मुकिंदानं बसायच्या आधीच विचारलं.

“काय निघेल?”

“काय असेल ते. देवाचं नाव सोसत नाही तिला. नुसता हट्ट म्हणावा, तर माराला पण ऐकत नाही.”

बाबा त्याच्याकडे बघत होते.

मुकिंदा मान खाजवत होता, पाठ खांबाला घासत होता.

“चुळबुळ करू नकोस. आरतीचं दुसरं कडवं म्हण.”

मुकिंदा हसला. रोजची आरती! त्यानं सूर लावला… आणि मध्येच अडखळला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच.

“तुलाही सोसत नाही होय रे आरती?”

“तसं नाही बाबा. कुसळ शिरलंय सदऱ्यात.”

“मला तर दिसत नाही.”

“अहो, पण मला टोचतंय ना!” मुकिंदा केवढ्यानं तरी ओरडला.

…

शेवंतानं दचकून मागं पाहिलं. रेणू जागेवर नव्हती.

दार उघडं, पलीकडे उतार… मग कोपऱ्यात वाटसरूंसाठी रचलेल्या गोधड्यांच्या ढिगातून बाहेर आलेली इवलीशी पावलं दिसली. ती धावली. गोधडी उचलू लागली, तर आतून आवाज आला, “काढू नको. अजून घाल.”

शेवंतानं आणखी एक घातली. वरून हातानं दाबून धरली. आतलं धापा टाकणं हळूहळू निवलं.

“म्हणजे… त्या पोरालाही तुम्ही असंच बांधलंत?” तिनं चाचरत विचारलं.

“बांधतोय कशाला? त्यानंच मागून घेतल्या. एकीवर एक.”

“आणि ते निघालं?”

“आत पोरगंच होतं. तेच निघालं, घामाघूम होऊन.”

“मग बरा झाला ना?”

“काल परत आला होता. गोधड्या मागायला.”

शेवंताला हसावं की रडावं कळेना.

मुकिंदा उठून ओसरीवर गेला. सदरा काढून झटकला, उलटा केला, शिवणी चाचपल्या. परत आला तेव्हा त्याच्या तळहातावर केसाएवढं कुसळ होतं. त्याच्याकडेच बघत तो शेवंताला म्हणाला, “उद्याचं राहू दे.”

दिवस कलला. आरतीची माणसं जमू लागली. सवयीनं मुकिंदा घंटेखाली जाऊन उभा राहिला, दोर हातात घेतला. कोपऱ्यातल्या ढिगाकडे पाहिलं. मग बाबांकडे.

“बाबा… वाजवू?”

“मला काय विचारतोस? तिला विचार.”