सापडलेले संप्रेरक

एकदा एक शिष्या खरे तेच बोलली, आणि तिच्या त्या खऱ्या बोलण्याने एक संसार मोडायच्या बेतात आला.

ही शिष्या डॉक्टर होती. स्त्रियांच्या संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, अभ्यासात उभी हयात घालवलेल्या एका वृद्ध डॉक्टरीणबाईंकडे ती शिकत होती. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, म्हणून कालिंदी नावाची नवविवाहिता तिच्याकडे आली. रक्ताचा रिपोर्ट पाहून शिष्येने सांगितले, "तुमच्या अंगात पुरुषी संप्रेरक सापडलंय." गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आठवड्याने कालिंदीची नणंद रडवेली होऊन आली. "वहिनी बॅग भरून बसलीय हो. दादाला म्हणते, मी बाईच नाही, तुम्ही दुसरं लग्न करा."

शिष्येला वाईट वाटले, पण आपले काय चुकले ते तिला कळेना. "रिपोर्टमध्ये होतं तेच सांगितलं, बाई," ती म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. "दोन दिवस कसंही करून तिला थांबवून धर," एवढेच त्यांनी नणंदेला सांगितले आणि शिष्येला घेऊन त्या प्रयोगशाळेत गेल्या. तेथे स्त्रियांनी संशोधनासाठी संमतीने दिलेल्या, अंडाशयातील बीजाभोवतीच्या पेशी काचेच्या बशांत वाढवलेल्या होत्या. बाईंनी दोन बशा घेतल्या. बीज वाढावे म्हणून मेंदूच्या तळाची ग्रंथी जे संप्रेरक पाठवते, ते दोन्हींत घातले. मग एकीत पुरुषी संप्रेरकाचा थेंब सोडला.

"अहो बाई, हे काय करताय!" शिष्या ओरडलीच. "याच्यापायीच तर ती घर सोडायला निघालीय!"

"थांब जरा. परवा मोज."

तिसऱ्या दिवशी शिष्येने मोजले. स्त्रीचे म्हणून ओळखले जाणारे इस्ट्रोजेन थेंबाच्या बशीत भरपूर होते. दुसऱ्या बशीत जवळजवळ नव्हतेच. विश्वास बसेना, म्हणून तिने पुन्हा मोजले.

"बीजाभोवती पेशींचे दोन थर असतात," बाई म्हणाल्या. "बाहेरचा हे पुरुषी संप्रेरक तयार करतो आणि आतला त्याचंच इस्ट्रोजेन करतो. बाहेरच्याला काम पुरं करता येत नाही, आतल्याला सुरू करता येत नाही. या बशांत फक्त आतल्या थराच्या पेशी आहेत, म्हणून थेंब मी घातला. पुरुषी हे नाव आपण ठेवलं, पेशींना त्याचा पत्ताही नाही. कालिंदीचं प्रमाण वाढलंय, त्याला औषध हवंच. पण तू 'वाढलंय' म्हणाली नाहीस, 'सापडलंय' म्हणालीस. सापडतो तो चोरीचा माल. हे तर माझ्यातही आहे आणि तुझ्यातही."

"हे मी परीक्षेत लिहिलं होतं," शिष्या ओशाळून म्हणाली.

"परीक्षकाला सांगितलंस. जिला सांगायचं होतं, तिला नाही."

शिष्या तशीच कालिंदीच्या घरी गेली. दोन बशांची सगळी हकिकत तिने सांगितली.

"म्हणजे तुमच्यातही आहे ते?" कालिंदीने विचारले.

"आहे. प्रत्येक बाईत असतं. तुमच्यात थोडं जास्त झालंय, इतकंच."

कालिंदीला रडू फुटले, आणि संतापही आला. "मग त्या दिवशी एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. आपले काय चुकले ते तिला आता पुरते उमगले होते.

कालिंदीने डोळे पुसले आणि आत हाक दिली, "वन्सं, पानं घ्या. डॉक्टरही जेवून जातील."