हापशापाशी

"बाई, त्यांनी दगड उचलले तर?"

शार्दूलने जीपमध्ये हे दुसऱ्यांदा विचारलं. त्याच्या विद्यापीठातल्या मार्गदर्शक ढवळीकरबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

सावरगोट्याच्या लोकांना विद्यापीठानेच सांगितलं होतं, विहीर सोडा, हापशाचं पाणी प्या. सांगणारे पुन्हा फिरकले नाहीत. गावातल्या पोरांचे पाय वाकू लागले, तेव्हा बाईंनी शार्दूलला नमुने घ्यायला पाठवलं. हापशाच्या पाण्यात हाडं वाकवणारं फ्लोराइड निघालं. त्यावर त्याचा प्रबंधही झाला. गावाला मात्र अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

"पत्राने कळवलं असतं तर..." शार्दूल पुटपुटला.

जीप गावात शिरली.

हापशापाशी सगळं गाव जमलं होतं. जीप थांबताच एका आईने आपल्या मुलीला पदराआड ओढलं. म्हातारे मडावी पुढे आले.

"पोरायच्या पायाचं काय निघालं जी?"

भरसभेत बोलताना शार्दूलचा आवाज कधी कापला नव्हता. आता तो एक पाऊल मागे सरला. त्याने मागे पाहिलं. जीप सुरूच होती.

बाई ड्रायव्हरजवळ गेल्या, हळूच काही म्हणाल्या. जीप वळली... आणि धूळ उडवत निघून गेली.

शार्दूल दोन पावलं जीपमागे धावला.

"बाई! आता परत कसं जायचं?"

"आधी सांग."

त्याने सांगितलं. अडखळत, पण सगळं. दोष याच पाण्याचा आहे. वाकलेली हाडं सरळ होतील असं वचन देता येत नाही. हापसा आजच बंद करायला हवा.

कुणी ओरडलं नाही. दगडही उचलला नाही. एकीने भरलेली घागर मातीत उपडी केली आणि ती हापशाच्या ओट्यावर बसली.

"तुमच्याच मान्सायनं सांगतलं होतं," मडावी म्हणाले. "आता तुमी बी जासान. मंग कोन येईन?"

शार्दूलने ढवळीकरबाईंकडे पाहिलं.

त्या ओट्यावर, घागर ओतणाऱ्या बाईशेजारी जाऊन बसल्या.

"बाई," तो कुजबुजला, "मला भीती वाटते. आपण कधी निघायचं?"

पदराआडची मुलगी अजून बाहेर आली नव्हती. ढवळीकरबाई तिच्याकडे पाहत होत्या.

"यांची भीती गेली, की."

"यांची? आणि माझी...?"

"तुझी राहू दे. आधी सांगून गेलेल्यांना ती नव्हती."