कातळावरचे चौकोन

माणूस अजून डोंगर चढला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. दर उन्हाळ्यात रानात वणवा यायचा. म्हणून जनावरांनी ठरवलं, रानाभोवतीचं गवत उपटून मोकळा पट्टा काढायचा. कोल्ह्यानं कातळावर गेरूनं तीन चौकोन आखले : करायचं, चाललंय, झालं. प्रत्येकाला पट्ट्याचा एक वाटा आणि त्याच्या नावाचा एक खडा. काम सरकेल तसा खडा सरकवायचा.

रीत चांगली होती, खोटं कशाला बोलू? कोण मागं आहे ते सगळ्यांना दिसायचं.

रानडुकराचा खडा मात्र हलेना. "काय मामा, खड्याला मुळं फुटली का?" ससा रोज टोचायचा. शेवटी एका सकाळी डुकरानं खडा गुपचूप ‘झालं’मध्ये ढकलला. सगळ्यांनी वाहवा केली.

डुकराच्या वाट्याला लागूनच सायाळीचं बीळ होतं. आत दोन तान्ही पिलं. ती म्हणाली, "कोल्हेदादा, एकदा डोळ्यांनी बघून येता का?"

"खडा दिसतोय ना, सायाळबाई? मग बघायचं काय त्यात?"

त्या भरवशावर ती पाण्याला गेली. वणवा आला तो डुकराच्या वाट्यातूनच. ती धावत परतली तोवर बिळात धूर भरला होता आणि पिलं निपचित पडली होती.

दुसऱ्या दिवशी कोल्ह्यानं चौथा चौकोन आखला : दुःख. सगळ्यांनी त्यात एकेक खडा ठेवला, डुकरानंही, आणि आपापल्या वाटेनं गेले.

सायाळ आली नाही. ती डुकराच्या वाट्याची जमीन उकरत होती. आता तिथं जळायला काहीच उरलं नव्हतं, तरी.